अपुरं वाक्य

गहिनीनाथने मोबाईल फ्रेंच शिकवणाऱ्या ज्योती मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि स्टाफरूमचं दार लोटून घेतलं.

"पोरगी काय बोलती, तेवढं सांगा. मला फ्रेंच येत न्हाई. रविवारी कोल्हारचे पाव्हने तिला बघायला येनार हायेत."

दिशा त्याची मुलगी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजातच फ्रेंचचा छोटा कोर्स करत होती. आठवडाभर ती रोज चार वाजता पेरूच्या बागेत जाऊन मोबाईलवर बोलायची. बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. बाप दिसला की गप्प. थांबते म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे, असा गहिनीनाथचा तर्क होता. काल झाडाआड उभं राहून त्याने एक मिनिट चाळीस सेकंद रेकॉर्ड केले होते.

मॅडमनी ते दोनदा ऐकलं. मागे विहिरीवरच्या मोटारीची घरघर होती, पण शब्द स्पष्ट होते.

"पलीकडे कुणी नाही. तोंडी परीक्षेची तयारी आहे. मी 'का' विचारणार, मुलींनी कारण सांगायचं. ती थांबते, तिथे माझा प्रश्न येतो."

"अभ्यास असा लपून कोन करतं, मॅडम? एकूनएक वाक्य सांगा."

मॅडम थांबवत थांबवत सांगू लागल्या.

"मी सायकल शिकले नाही, कारण पडले तर तोंडावर खूण राहील.

"मी सहलीला गेले नाही, कारण तिथे मुक्काम होता.

"मी पुण्याला एम.एस्सी.ला जाणार नाही, कारण जास्त शिकले तर तेवढा शिकलेला मुलगा शोधावा लागेल."

गहिनीनाथने मान खाली घातली. पहिलं कारण त्यानेच दिशा पाचवीत असताना दिलं होतं. तिसरं, गेल्या महिन्यात.

"वर्गातल्या सरावात बाकीच्या मुलींनी पुस्तकातली कारणं घेतली," मॅडम म्हणाल्या. "बस चुकली, ताप आला. 'कारण' म्हणायला त्यांनी 'पार्स्क' वापरलं. हिचं सगळीकडे 'प्विस्क'. अर्थ तोच, पण ऐकणाऱ्याला कारण आधीच माहीत असलं, की हा दुसरा शब्द वापरतात. मी चूक धरणार होते. मला कुठे माहीत होती ही कारणं?"

रेकॉर्डिंगचे काही सेकंद उरले होते. मॅडमनी ते लावले.

"मी रविवारी साडी नेसणार आहे, कारण..."

मग नुसती मोटारीची घरघर.

"फुडं?"

"पुढे काही नाही. तिला कारण सापडलेलं दिसत नाही."

गहिनीनाथने मोबाईल उचलला आणि तिथूनच कोल्हारला फोन लावला.

"रविवारचं राहू द्या, पाव्हनं."

पलीकडून कारण विचारलं गेलं.

"ते मला ठाव न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "दिशाला इचारून सांगतो."