रिठावरची हाडं

"तीन पिढ्यांच्या वस्तीचा पुरावा दाखवा, नाहीतर जंगल सोडा," असा वनखात्याचा कागद नागभीडजवळच्या त्या गावात येऊन धडकला होता. त्यामुळे शेजारच्या रिठावर, म्हणजे फार पूर्वी उजाड झालेल्या गावाच्या जागेवर, पुरातत्त्व खात्याच्या मॅडमचं खोदकाम सुरू झालं तसा गावातल्या लटारूभाऊंचा सगळा जीव त्या खड्ड्यात जाऊन बसला. पहिली कवटी दिसली तेव्हा तर भाऊ नाचायचेच बाकी राहिले.

"पाहा म्याडम, आमचाच बुढा हाये हा! द्या लिवून कागदावर!"

आठवडाभरात चाळीस कवट्या निघाल्या. सगळ्या मागून कुऱ्हाडीनं फोडलेल्या. एक तर मुठीएवढी, तान्ह्या लेकराची! आणि जिकडे खणावं तिकडे जळक्या घरांची राख.

"भाऊ, हे तुमचे पूर्वज नसावेत," मॅडम हळूच म्हणाल्या. "अख्खं गाव पळता पळता कापलंय हो. वंश चालवायला कोणी उरलंच नसेल."

भाऊंनी गमछ्यानं तोंड पुसलं. मागं वळून आपल्या गावातल्या पेटलेल्या चुलींचा धूर पाहिला.



"मंग मारणारे आमचे होते म्हणून लिवा ना, म्याडम. थे तर इथलेच असतीन!"