सावलीत येणारं काहीतरी

"ऊन किती येतं?" नर्सरीवाल्यानं विचारलं.

"येत नाही," धाकटी म्हणाली.

"सकाळचं तरी?"

"सकाळचं यायचं. आता नाही."

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. पन्नाशी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. तिचा नवरा मागे उभा राहून एका कुंडीवरचं लेबल वाचत होता. त्या लेबलावर एवढा वेळ वाचण्यासारखं काही नव्हतं.

नर्सरीवाल्यानं टोपी मागे सरकवली. "कुंडी केवढी?"

"लांबीला भरपूर आहे. बाहेरच्या ओट्याबरोबर बांधलेली, सिमेंटची. खोल मात्र एवढीच." तिनं वीत दाखवली, मग अंगठा थोडा आत घेतला.

"एवढ्यात कुणाची मुळं मावणार, ताई? खालून जरा फोडून घ्या ना."

"खालून पाइप गेलाय. दादांच्या घराचा."

"दादा कोण?"

"ह्यांचे मोठे भाऊ. शेजारीच असतात. मधे मोकळी जागा होती, तिथे त्यांनी खोली बांधली. मुलाचं लग्न झालं, जागा लागतेच." हे ती स्वतःलाच समजावत असल्यासारखी बोलली. "त्यांच्या हद्दीतच बांधलीय, तसं काही नाही. आमच्या स्वयंपाकघरासमोर भिंत आली, इतकंच. आणि कुंडी मधल्या मधे राहिली."

नवरा पुढच्या रांगेतली लेबलं वाचायला गेला.

नर्सरीवाल्यानं रुंद पानांचं एक झाड दोन्ही हातांनी उचलून आणलं. "हे न्या. सावलीत झकास येतं. कमरेएवढं होईल, ती भिंतच झाकून टाकेल तुमची."

"उंच नको. वर त्यांची खिडकी आहे. झाड तिथवर गेलं की डास येतात, म्हणते त्यांची सून."

"बरं." ते झाड परत गेलं. दुसरं आलं. "हे बुटकं. थंडीत पानं झडतात, पण पुन्हा फुटतात."

"झडणारं नको हो. पानं उडून त्यांच्या दारात जातात. जाऊबाईंना वाकवत नाही आताशा."

नर्सरीवाल्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"ताई, झाड तुम्हाला लावायचंय की त्यांना?"

धाकटी हसली. नवरा हसला नाही. तेव्हा नर्सरीवाला त्याच्याकडेच वळला. "साहेब, सख्खा भाऊ ना? मग बोलायचं की. भिंत हातभर मागे घेतली असती तर..."

"आता झाली बांधून. रंगसुद्धा लागला." नवरा थांबला. हातातली कुंडी त्यानं होती तिथे नीट ठेवली. "आई-वडील गेले तेव्हा मला शर्टाची बटणं लावता येत नव्हती. दादा लावायचा. शाळेत सोडायचा आणि मग कामावर जायचा." आणि मग, जणू एवढा वेळ हाच विषय चालला होता अशा आवाजात त्यानं विचारलं, "पाणी रोज घालावं लागेल का?"

नर्सरीवाला हिरव्या जाळीखाली, अगदी मागच्या बाजूला गेला आणि एक ट्रे घेऊन आला.

"हे मोंडो गवत. वितीच्या वर जाणार नाही. हे पेपरोमिया, ह्याची मुळं वरच्यावरच राहतात. आणि कडेला हा बुटका नेचा. बारा महिने हिरवी राहतील. काही मागत नाहीत बिचारी."

धाकटीनं गवतावरून बोटं फिरवली.

"फुलं?"

"फुलांना ऊन लागतं, ताई."

"हो. ते आहेच म्हणा."

घरी जाताना ट्रे तिच्या मांडीवर होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "अहो, एकदा बोलून तरी बघायचं होतं. पाया खणत होते तेव्हा."

"काय बोलायचं होतं?"

"आमचं ऊन जातंय म्हणून."

"ऊन काय आपलं होतं?"

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

दुपारी तिनं रोपं लावायला घेतली. मधे गवत, त्याच्या दोन्ही अंगांना पेपरोमिया, कडेला नेचा. अर्धी लावून झाली असतील, तोच दादा आले. काखेत घडीची खुर्ची होती. त्यांनी ती कुंडीशेजारी उघडली, गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू बसले आणि एकेक रोप वाकून पाहिलं.

"छान. तुझ्या हातचं काहीही जगतं बघ."

"माती पुरायला हवी, दादा. खोल नाहीये."

"पुरेल गं, पुरेल."

त्यांनी नव्या भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. त्यांचा चेहरा खरोखरच निवला.

"अहाहा. काय गारवा आहे तुमच्याकडे! नव्या खोलीत सकाळपासून ऊन, नुसती भाजून निघतात पोरं. पडदे लावले, काही उपयोग नाही. रोज इथेच येऊन बसावं म्हणतो." डोळे न उघडताच ते हसले. "तुमचं बरं आहे बाबा."

धाकटीचे हात मातीतच राहिले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पाण्याची झारी धरून दारात उभा होता. त्यानंही ऐकलं होतं. या वेळी त्यानं नजर वळवली नाही. झारी खाली ठेवली, एक पायरी उतरला, तोंड उघडलं, मिटलं.

"दादा," तो म्हणाला, "खुर्ची जरा अलीकडे घे. भिंतीला अजून ओल आहे, तुझी पाठ धरेल."