निम्मा पलंग

"निम्माच विकायचाय," शिंपीकाका म्हणाले.

भंगारवाल्या शेठने आधी काकांकडे पाहिलं, मग हातगाडीवरच्या पलंगाकडे. लोखंडी, डबल, जाडजूड अँगलचा, वर पत्रा ठोकलेला. असला दणकट माल हल्ली बघायला मिळत नाही, आणि हे गृहस्थ म्हणतात निम्मा.

"निम्मा म्हणजे? वजनाने?"

"नाही हो. मधोमध कापायचा. एक बाजू तुम्हाला, एक मी घरी नेतो."

शेठला हसूच फुटलं. या धंद्यात माणसाला काय काय ऐकावं लागतं! लोक पत्र्याच्या डब्याला पितळेचा भाव मागतात. जळून कोळसा झालेला पंखा शपथेवर चालू आहे म्हणून सांगतात. पण पलंग कापडासारखा फाडून मागणारा हा पहिलाच.

"काका, ऊन लागलं का तुम्हाला? अख्खा द्या आणि त्या बदल्यात तो घेऊन जा." शेठने कोपऱ्यात उभ्या केलेल्या सिंगल पलंगाकडे बोट दाखवलं. "रंगसुद्धा उडालेला नाही बघा."

"कुणाचा होता?"

"मला काय माहीत! इथे आलेल्या वस्तूला असं कोण विचारतं?"

"मग नको. परक्या पलंगावर मला झोप नाही यायची." काकांनी हातगाडीवरच्या पलंगाकडे पाहिलं. "तशी आपल्यावरही येत नाही म्हणा. ही गेल्यापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. शेजारची जागा रिकामी, रात्रभर तिच्याकडेच बघत बसतो. खाली झोपावं तर गुडघे ऐकत नाहीत. म्हटलं, रिकामा भाग काढूनच टाकू. जन्मभर लोकांचे ढगळ कपडे उसवून मापात बसवले, हे त्यातलंच."

पँटची उंची कमी करायला टाकावी तितक्या सहजपणे ते बोलत होते. डोळे मात्र लालभडक झालेले, खोल गेलेले. शेठचं हसू तिथल्या तिथे विरलं.

हिशेबाने पाहिलं तर हा शुद्ध येडेपणा होता. कापायला गॅस जाळायचा, उघड्या पडलेल्या बाजूला नवी पट्टी जोडायची, वर दोन पाय लावून द्यायचे, आणि पदरात काय, तर मूठभर भंगार. कामाची माणसं जेवायला गेली होती हे एक बरं झालं. नाहीतर त्यांनी शेठला चांगलंच वेड्यात काढलं असतं. त्याने स्वतःच डोळ्यांना कापकामाचा काळा चष्मा लावला.

"कुठली बाजू ठेवायची?"

"बाहेरची. ती माझी. भिंतीकडची तिची." काकांनी गळ्यातली टेप पलंगावर धरली आणि खडूने रेघ ओढली. रेघ अशी सरळ, की नाव ठेवायला जागा नाही.

ज्योत त्या रेघेवरून सरकत गेली. ठिणग्या उडाल्या. काका लांब उभं राहायचं सोडून पुढे पुढेच येत होते. शेवटचा टाका सुटावा तशी भिंतीकडची बाजू एकदम निखळली, आणि काकांनी ती झेलायला दोन्ही हात पुढे केले.

"अहो, हात! भाजेल ना!"

काका ओशाळून मागे सरले. बाजू दणकन जमिनीवर आपटली. शेठने ती पायानेच ढिगाकडे ढकलली. काकांनी तेवढा वेळ दुसरीकडे पाहिलं.

मग शेठने ढिगातून दोन पाय शोधून काढले. एक आखूड निघाला, त्याच्या बुडाला पत्र्याचा तुकडा जोडला. कापलेल्या बाजूला नवी पट्टी आणि पाय जोडले, कडा घासल्या, वरून बादलीभर पाणी ओतलं आणि फडक्याने पुसून घेतलं.

"आडवे होऊन बघा. डुगडुगतो का?"

"इथे? चारचौघात?"

"चारचौघं आहेत कुठे! आणि तुमचं गिऱ्हाईक नाही का कपडा अंगात घालून बघत?"

काकांनी चपला काढून नीट जोडीने ठेवल्या आणि पलंगावर पडले. पलंग जरासुद्धा हलला नाही. आजूबाजूला फुटकी पिंपं, सायकलींचे सांगाडे, काचा गेलेल्या खिडक्या. त्यांनी डोळे मिटले.

"असे कडेला कशाला, काका? पडाल. मधे सरका की ऐसपैस. सगळा तुमचाच आहे आता."

"हो, खरंच की." काका सरकत मधे आले. फोटोला बसल्यासारखे अवघडून, हात दोन्ही बाजूंना सरळ.

"कसं वाटतंय?"

"छान आहे. मापात आहे."

शेठ समाधानाने गॅसची नळी गुंडाळायला वळला. स्वतःवर तो खूश होता. भंगारातून कधी नव्हे ते काहीतरी घडवून दिलं होतं. बराच वेळ मागून आवाज आला नाही, तेव्हा त्याला वाटलं, लागला बिचाऱ्याचा डोळा. त्याने हळूच मागे पाहिलं.

काका पुन्हा कडेला गेले होते. कुशीवर, अंग चोरून, एक गुडघा बाहेर लोंबकळलेला. पाठीमागे माणूस निजेल एवढी जागा मोकळी. डोळे मिटलेलेच होते. मग त्यांचा हात मागे गेला आणि पत्र्यावरून सावकाश फिरला, आधी उशाकडे, मग खाली, आणि तिथेच थांबला.

त्यांनी डोळे उघडले. उठून बसले. मागची जागा पाहिली, मग शेठकडे पाहिलं.

"शेठ," ते हळू आवाजात म्हणाले, "अजून थोडा कमी करता येईल का हो?"