रेघेच्या वर

गायधनी मास्तर रंगनाथच्या पेपरावर वाकले आणि थबकले. प्रत्येक अपूर्णांकाचा छेद चोख सोडवलेला. रेघेच्या वर मात्र सगळीकडे कोरा कागद.

शाळेची ही चाचणी पास होईल, त्यालाच मॅट्रिकला बसता येणार होतं. “नापास झालास तर दुसऱ्या दिवशी हातोडी धरायची,” असं तांबट आळीत तांब्याची भांडी घडवणाऱ्या बापानं बजावलं होतं. बाप बोलेल तसं करणारा माणूस.

करणीची, म्हणजे न सुटणाऱ्या वर्गमुळांची, उदाहरणं रंगनाथ आणि त्याच्या बाकावरचा मित्र इनायत गोदेच्या घाटावर एकाच पाटीवर सोडवायचे. युक्ती सोपी. छेदात दोन करणी आणि मध्ये वजा असला, तर तेच आकडे घ्यायचे, मध्ये अधिक घालायचा आणि गुणायचं. खालच्या करणी पार नाहीशा होतात. सातचं मूळ वजा तीनचं मूळ असेल, तर सात वजा तीन, साधे चार उरतात. वर मात्र गुणाकाराचं लांबण लागतं. रंगनाथ उतावळा, इनायत चिवट. म्हणून इनायतनंच वाटणी केली होती, “खाली तू, वर मी.” छेद झाला की तो रंगनाथला कोपरानं ढोसायचा, “सरक, आता माझी पाळी.”

संक्रांत झाली आणि विषमज्वरानं इनायतला नेलं. टांगेवाल्या निजामचाचांचं ते एकुलतं पोर. रंगनाथनं कबरीवर मूठभर माती टाकली, पण मन काही ते मानेना. आजही तो बाकाच्या कडेला अंग चोरून बसला होता. छेद झाला की डाव्या बरगडीला कोपर टोचायचं, अगदी खरंखुरं. मग तो पेन उचलून थांबायचा.

“वरचं कुठंय रे?” मास्तरांनी विचारलं.

“वरचं इनायत करतो, सर.”

वर्गातल्या माना वळल्या. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी बाकाच्या रिकाम्या अर्ध्या भागाकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, “ज्यानं खाली गुणलंस, त्यानं वरही गुणावं लागतं, बाळ. आता तुलाच.”

कोपर पुन्हा टोचलं. रंगनाथनं रेघेच्या वर दहा लिहिले, मग अधिक, मग एकवीसच्या मुळाची दुप्पट. आकडे डोळ्यांत पोहत होते, तरी हात चालत राहिला. एक अंश झाला, दुसरा झाला. कोपर हलकं होत गेलं.

घंटा झाली तेव्हा तो बाकाच्या मधोमध बसला होता. कधी सरकला, ते त्याला कळलंच नाही.