माहेरचं देणं

“ठेचा चारून चारून माझ्या लेकाची आतडी जाळलीस! ऑपरेशन झालं की माहेरची वाट धर!” दवाखान्यातच हौसाक्कांनी सुनेला फैलावर घेतलं. थोरली लेक शेजारी बसून माना डोलवत होती.

डॉक्टरीणबाई वैतागल्या. “आक्का, ठेच्यानं हा आजार होत नाही. ही आतड्यांची सूज कुणाला गोळ्यांवर सोडते, कुणावर ऑपरेशनची पाळी आणते. त्यात जीन्सचाही हात असतो.”

“माझा लेक जन्मभर पायजम्यात वावरला! जीन्स कुणी घातली?”

“कपडा नव्हे हो. आईबापाकडून जन्मतःच अंगात उतरतं ते. तुमच्या माहेरी होता का कुणाला असा त्रास?”

हौसाक्का लालबुंद झाल्या. त्यांचे दोन्ही भाऊ असेच पोट धरून ऐन उमेदीत वाळून गेले होते.

“मामा तर करणीनं गेले,” लेक फणकारली. “आमच्यात कसली खोट? हा हिच्याच हातचा प्रताप!”

“तोंड आवर!” हौसाक्का एवढ्या कडाडल्या की डॉक्टरीणबाईही दचकल्या. “भाकरी हिनं वाढली, पण आतडी माझ्या माहेरची आहेत. हिला घालवायचं तर आधी मला घालव!”