बुटकी पापलेटं

हिराजी तांडेलाने जाळं वर घेतलं, तर आजही सगळी पापलेटं मापाला अर्धं बोट कमी, जणू ठरवून आलेली. बोटीवरच्या यंत्राने एकेक मोजून नळीतून समुद्रात जिवंत सोडायला सुरुवात केली.

"अरे, दोन-चार राहू दे," हिराजी म्हणाला. "संध्याकाळी लेकीचा साखरपुडा आहे. व्याह्यांच्या ताटात काय वाढू?"

"पिल्लं बंदरात न्यायची नाहीत, कायदा आहे," यंत्र म्हणालं. "पूर्वी तुम्ही ती मेलेली फेकायचात."

हिराजीने एक पापलेट उचलून त्याचं पोट हलकेच दाबलं. यंत्राच्या काचेवर गाबोळी सांडली.

"पिल्लाच्या पोटात अंडी?" यंत्र गोंधळलं. "मग मोठी कुठे गेली?"

"मोठी आम्ही खाल्ली. बुटकी तू जगवलीस, त्यांना बुटकीच झाली. ही पिल्लं नाहीत रे, आज्या आहेत. आता तरी दे."

यंत्राने काच पुसून घेतली. "अंडी असलेली मासळीही सोडावी लागते," ते म्हणालं आणि नळी पुन्हा उघडली.

संध्याकाळी व्याह्यांनी ताटातली सुकट बोटाने सारून विचारलं, "तांडेल, पापलेट कुठाय?"

"काय सांगू व्याहीबुवा," हिराजी म्हणाला, "सगळी बाळंतपणाला माहेरी गेलीत."