आगरदांड्यातली एक चोरी

अनीश साळवी शेडमधून बाहेर आला तेव्हा त्याची मोटारसायकल जागेवर नव्हती.

त्याने माडांमधून रस्त्यापर्यंत नजर टाकली. चावी गाडीलाच राहिली होती, हे त्याला आता आठवलं. जिल्ह्याच्या कार्यालयातून तो एवढ्या लांब फक्त एक निरोप सांगायला आला होता, आणि तो सांगून झाला होता.

वाया जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी सरकारची एक योजना होती. त्या योजनेतून कुमुद राऊत यांच्या केंद्राला मिळणारं अनुदान मार्चनंतर बंद होणार होतं. केंद्राच्या कामात खोट नव्हती. जेट्टीवरच्या बोटींमधून डिझेल चोरणारी पोरं कुमुदबाईंच्या वाडीतल्या या शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करायला शिकली होती, आणि चोऱ्या थांबल्या होत्या. पण नव्या नियमाप्रमाणे पैसे जास्त गुन्हे असलेल्या गावांना द्यायचे होते. आगरदांड्यात गुन्हेच उरले नव्हते.

"म्हणजे आम्ही काम नीट केलं म्हणून?" कुमुदबाईंनी विचारलं होतं. त्या मुरूडच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि अजून वर्गातल्यासारख्याच आवाजात प्रश्न विचारत.

"नियम मी करत नाही, बाई."

पोरं हातातली कामं थांबवून ऐकत होती. त्यांच्यातला सगळ्यात मोठा, अल्पेश, मध्येच उठून बाहेर गेला होता. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं.

आता कुमुदबाई बाहेर आल्या. त्यांनी गाडीची रिकामी जागा पाहिली, मग वळून शेडमध्ये पाहिलं. अल्पेश परतला नव्हता.

"जेट्टीवर चला," त्या म्हणाल्या.

"आधी पोलिसांना फोन करतो."

"आधी चला."

दिघीला जाणारी फेरीबोट गाड्या घेत होती. अल्पेश तिच्यात चढला नव्हता. रांगेच्या बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा, तो गाडी स्टँडवर लावून तिच्यावर बसला होता. दोघांना येताना पाहून तो खाली उतरला आणि त्याने चावी पुढे केली.

"घ्या, साहेब. पण आधी तक्रार द्या. हवालदार तिकडंच हायेत."

"वेड लागलंय का तुला?"

"न्हाय. तुम्हाला गुन्हा पायजे ना? हा झाला."

कुमुदबाईंचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. "याला जहाजावर नोकरी लागलीय," त्या अनीशला म्हणाल्या. "इंजिनखान्यात. पासपोर्टची पोलीस पडताळणी व्हायचीय अजून. गुन्ह्यात नाव लागलं तर सगळं संपलं."

"पासपोर्ट काय, मागून काढीन," अल्पेश म्हणाला. "शेड एकदा बंद झाली की परत कोण उघडतोय? आपल्यातल्या कैसला विचारा, बाई. बोटीतनं डिझेल काढायला त्याला कालच बोलवणं आलेलं. शेडमध्ये काम हाय म्हणून सांगून तो सुटला. मार्चनंतर काय सांगेल?"

"एका गुन्ह्याने काही होत नाही रे," अनीश म्हणाला.

"मग किती लागतात?"

तो उद्धटपणे विचारत नव्हता. त्याला खरंच माहिती हवी होती. अनीशला उत्तर ठाऊक होतं.

एवढ्यात हवालदार रामचंद्र पाटील रांगेतून वाट काढत त्यांच्याकडे आले. अल्पेशला ते चोऱ्यांच्या दिवसांपासून ओळखत होते.

"काय बाई, काय भानगड? कुणाची गाडी ही?"

"माझी," अनीश म्हणाला. "मीच याला दिली होती. फेरीची वेळ बघून ये म्हटलं."

"साहेब खोटं बोलतायत," अल्पेश म्हणाला. "मी चोरली."

कुमुदबाईंनी त्याचा दंड धरला. रामचंद्र पाटलांनी अल्पेशकडे पाहिलं, मग बराच वेळ अनीशकडे.

"साहेब, काय असेल ते सरळ बोला. लिहून घ्यायला मला वेळ लागत न्हाय."

फेरीबोटीचा भोंगा वाजला. अनीशने अल्पेशच्या हातातून चावी घेतली आणि खिशात टाकली.

"सांगितलं ना. माझी काही तक्रार नाही."

"मग ठीक." हवालदारांचा चेहरा मोकळा झाला. "तसं पण साहेब, गाडी आता कुठंपण ठेवा इथं. पहिल्यासारखं ऱ्हायलं न्हाय आता. कोण हात लावणार न्हाय." ते खुशीत परत रांगेकडे गेले.

अनीशने गाडी चालू केली. "मी वर लिहून बघतो," तो कुमुदबाईंना म्हणाला.

"लिहा," त्या म्हणाल्या.

गाडी वळणाआड गेल्यावर दोघं परत निघाली. अल्पेश मान खाली घालून चालत होता. थोडं पुढे गेल्यावर त्याने बाहीने तोंड पुसलं.

"बाई, मार्चनंतर काय?"

कुमुदबाईंनी समुद्राकडे पाहिलं.

"तू इंजिन उघडं टाकून आलास ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग पाय उचल. खारा वारा सुटलाय. झाकलं नाही तर गंज धरायला वेळ लागत नाही."